चौथ्या मजल्यावरच्या तीन बॉड्या

काही वस्तूंना घरात खरं नाव नसतं. आमच्या घरात त्या वस्तूला 'बॉडी' म्हणायचे. कुठल्याशा दुकानदाराने कधीतरी 'बॉडिस' म्हटलं असणार आणि आमचा जिना चढता चढता त्या शब्दाचं शेपूट तुटलं असणार. आई बॉडी म्हणायची, मावश्या बॉडी म्हणायच्या, म्हणून मी आणि माझी धाकटी बहीणही बॉडीच म्हणतो. आता मुली 'ब्रा' म्हणतात. मला तो शब्द कुणाला तरी 'हाड' म्हणून हाकलल्यासारखा वाटतो. हे सगळं आधीच सांगून ठेवते, कारण पुढे पोलीस यायचे आहेत.

झालं असं की माझ्या पाठीला खाज सुटली. साधीसुधी नव्हे, हुकाच्या डावीकडे, बरोबर अशा जागी की देवाने माणसाला हात देताना त्या जागेचा विचारच केलेला नाही. आमचे हे निवृत्त ड्राफ्ट्समन. नकाशे काढायची त्यांची लांब लाकडी पट्टी अजून खिळ्याला टांगलेली असते. रोज संध्याकाळी मी म्हणायची, "अहो, जरा पट्टी आणा." हे एका हाताने पेपर धरून दुसऱ्या हाताने पट्टी चालवायचे. "वर की खाली?" "डावीकडे हो. आणखी जरा. हां!" उभ्या संसारात आमचं एवढं एकमत दुसऱ्या कुठल्याही विषयावर झालेलं नाही.

शेवटी कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. पोरगेलीच होती. माझे खांदे बघून म्हणाली, "आजी, या खाचा कसल्या?" मी म्हटलं, "पट्ट्यांच्या. एवढ्या खोल आहेत की पाणी भरलं तर चिमण्या येतील." ती हसली आणि म्हणाली, "घरात कशाला घालता? कधी घालायची, कधी नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा ना."

आता आली का पंचाईत! मलम दिलं असतं तर लावलं असतं, गोळी दिली असती तर गिळली असती. पण 'तुमचं तुम्ही ठरवा' हे औषध मला आजवर कुणी दिलं नव्हतं. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. तिथे आम्ही फक्त जोडून द्यायचो, ठरवायचे दुसरेच. त्या नोकरीने मला दोनच गोष्टी दिल्या. एक पेन्शन, आणि दुसरा आवाज. जुन्या काळी लांबचा कॉल लागला की वायर थकायची, आवाज मात्र पुढे जायचा. एकदा वायर तुटलेली असताना मी तीन गावं पलीकडच्या माणसाला त्याचा मुलगा पास झाल्याची बातमी नुसत्या आवाजावर पोचवली होती. विश्वास बसत नसेल तर राहू दे.

तर त्या दिवशी घरी आले आणि पहिल्यांदा बॉडी काढून सोफ्यावर टाकली. अहाहा! बोटीचा नांगर उचलला की बोटीला काय वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

पण मोकळं होणं सोपं, मोकळं राहणं कठीण. घरात नाही घालायची हे ठीक. पण घर म्हणजे कुठवर? गॅलरी घर आहे का? जिना? कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना अर्धं अंग घरात आणि अर्धं बाहेर असतं, तेव्हा काय अर्धी घालायची? मी सल्ला घ्यायचं ठरवलं. माणसाने आयुष्यात एवढी मोठी चूक दुसरी करू नये.

सुनेला फोन केला. ती ऑफिसात होती, मीटिंगमध्ये. "आई," ती घाईघाईत म्हणाली, "घरात काय घालायचं! काही घालू नका. मी तर घरी काहीच घालत नाही!" पलीकडे एकदम शांतता पसरली. फोन स्पीकरवर होता. त्यानंतर म्हणे तिचे साहेब तिच्याशी आठवडाभर खाली बघून बोलायचे.

तळमजल्यावर एक निवृत्त मास्तरीणबाई राहतात. त्या म्हणाल्या, "शिस्त सुटली की सगळंच सुटतं." मी म्हटलं, "बाई, सुटायचं होतं ते केव्हाच सुटलंय, आता नुसतं टांगून काय करू?" त्यावर त्यांनी तोंड फिरवलं. दुकानातली माप घेणारी बाई म्हणाली, "तुम्हाला मोठा नंबर लागेल." तिला जगातल्या सगळ्या प्रश्नांवर मोठा नंबर लागतो.

राहिली धाकटी. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते आणि एका कानाने बहिरी आहे, त्यामुळे तिच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मला जुनी नोकरी परत लागल्यासारखं वाटतं. धाकटी ठणकावून म्हणाली, "ताई, वेड लागलंय तुला! पहिल्या नजरेत कळतं लोकांना. मी तर बाई झोपतानासुद्धा घालते. न जाणो, भूकंप झाला तर?"

"अगं, कुणाचं लक्ष नसतं," मी ओरडले.

"असतं! लाव पैज. एका जरी माणसाच्या लक्षात आलं, तर तू परत आयुष्यभर घालायची. झोपेतसुद्धा. भूकंपासकट."

"आणि नाही आलं तर तू काढायचीस."

"काढीन! भावजी मासे धरून परत येईपर्यंतची मुदत," ती म्हणाली. तिचे भावजी म्हणजे आमचे हे. ते दुसऱ्याच दिवशी पहाटे मित्राबरोबर मासे धरायला गेले. डोंगरापलीकडच्या तळ्यावर. जन्मात एक मासा घरी आलेला नाही, पण निष्ठा अशी की माशांना आवाज सहन होत नाही म्हणून फोनसुद्धा टेबलावर ठेवून गेले.

पैजेचं सोडा हो, मला त्या मोकळेपणाची चटक लागली होती. परत ते आवळून घेऊन जन्म काढायचा या कल्पनेनेच पाठ खाजायला लागली. म्हणून मी कडेकोट बंदोबस्त केला. घरात तीन बॉड्या तीन ठिकाणी पेरल्या. बेल वाजली की जी जवळ असेल ती चढवायची. योजना कागदावर झकास होती. पण बेल कधी वाजते? माणूस दोन खोल्यांच्या मधोमध असताना. मीटर बघणारा आला तेव्हा हुक लावायला वेळच मिळाला नाही. सोफ्यावरची बॉडी सोफ्याखाली ढकलली, उशी पोटाशी कवटाळली आणि दार उघडलं. तो म्हणाला, "पोटात दुखतंय का आजी?" मी म्हटलं, "खूप." त्याने मला दोन घरगुती उपाय सांगितले आणि मीटर बघायचं विसरून गेला. जिना रंगवायला आलेल्या रंगाऱ्याला मी इस्त्री छातीशी धरून भेटले. गरम होती. पण लक्षात कुणाच्याच आलं नाही, आणि मी धाकटीला फोन केला.

इथे शेजारच्या बाईंची ओळख करून द्यायला हवी. त्यांना सगळी इमारत 'दुर्बीण' म्हणते. दाराच्या भोकाला सारखा डोळा लावून लावून त्यांच्या एका भुवईचे केस गेलेत असं म्हणतात. आमच्या आणि त्यांच्या न्हाणीघराच्या मधे हवेसाठी एक पोकळी आहे. तिथून आवाज असा जातो की मी शिंकले की दुर्बीणबाई 'सावकाश' म्हणतात. त्या दिवशी मी फोनवर काय बोलले ते जसंच्या तसं सांगते. धाकटीचं बोलणं तुम्ही मनाने भरा. दुर्बीणबाईंनीही तेच केलं.

"हो गं, हे गेले! पहाटेच!... छे, रडतेय कसली, मोकळी झाले!

"बॉडी? सोफ्याखाली ढकललीय. बेल वाजली ना, धाबंच दणाणलं!... एक कुठली, तीन आहेत! एक सोफ्याखाली, एक फ्रिजवर, आणि एक सकाळीच धुऊन मागच्या गॅलरीत टांगलीय. अजून निथळतेय.

"जीव कुठला राहिलाय तिच्यात आता! इतकी वर्षं उरावर वागवली!... नाही, कुणाला पत्ता लागलेला नाही. शेजारीपाजारी सगळे ठार आंधळे आहेत!

"विल्हेवाट ना? कात्रीने तुकडे करीन आणि उशीत भरीन!"

मी फोन ठेवला. पलीकडे काहीतरी धपकन पडलं. मला वाटलं बादली असेल. दुर्बीणबाई होत्या.

थोड्या वेळात बेल वाजली. मी तेव्हा ह्यांचा मोठा फोटो भिंतीवरून उतरवून पुसत होते. फ्रिज लांब, सोफ्यावरची खाली ढकललेली, गॅलरीतली ओली. म्हणून तो फोटोच छातीशी घट्ट धरला आणि दार उघडलं. दारात आमच्या इमारतीचे सेक्रेटरी. त्यांच्या मागे दुर्बीणबाई, त्यांच्यामागे जिनाभर माणसं. फोटो बघून सेक्रेटरींनी डोक्यावरची टोपी काढली.

"वहिनी... साहेब?"

"हे गेले," मी म्हटलं.

"असे अचानक?"

"अचानक कसले! किती दिवस तयारी चालली होती."

सेक्रेटरींनी कठड्याला हात टेकला. "एकटेच?"

"एकटे कशाला? मित्र होता ना बरोबर. दोघं एकदमच गेले. आता तळ्यात असतील माशांबरोबर."

जिन्यात कुणीतरी हुंदका दिला. तेवढ्यात दुर्बीणबाई सेक्रेटरींच्या काखेखालून डोकं काढून म्हणाल्या, "साहेब एक, मित्र दोन. मग तिसरी बॉडी कुणाची?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे आता माझ्या बॉड्याही मोजतात ही माणसं! आणि त्यातल्या दोन माझ्या नवऱ्याच्या आणि त्याच्या मित्राच्या म्हणतात! मी एक्स्चेंजच्या आवाजात सांगितलं, "तिन्ही माझ्याच आहेत! आणि माझ्या घरात मी माझ्या बॉड्यांचं काय करायचं ते माझं मी ठरवीन! डॉक्टरांनीच सांगितलंय तसं!"

आणि धाडकन दार लावलं. खरं सांगते, आपलं आपण काहीतरी ठरवलं असं मला त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं.

पोलीस आले ते एका इन्स्पेक्टरबाईंसह. बरोबर एक हवालदार आणि एक कुत्रा. कुत्रा एवढा मोठा की हवालदारच त्याच्याबरोबर आणल्यासारखा दिसत होता. मी अजून फोटो धरूनच होते.

"आजी," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या, "बॉडी कुठे आहे?"

मी गारच पडले. सेक्रेटरी एवढ्या थराला जातील असं वाटलं नव्हतं. "का हो? याच्यावर आता कायदा निघाला की काय?"

"कायदा पहिल्यापासून आहे."

"आणि घरातल्या घरातसुद्धा लागू होतो?"

"घरातल्या घरात तर जास्तच होतो. आजी, मुकाट्याने बॉडी दाखवा."

"सगळ्यांसमोर? या बाप्यांसमोर? बाईमाणूस असून विचारता कसं तुम्ही? तुमची नाही का स्वतःची?"

"माझी?" इन्स्पेक्टरबाईंचा हात कमरेच्या पट्ट्यावर गेला. "मला धमकी देताय?"

"धमकी कसली! प्रत्येकीची असते. कुणाची सैल, कुणाची घट्ट."

हवालदार हळूच दोन पावलं मागे सरला. सेक्रेटरींनी पुढे होऊन सुचवलं की कुत्र्याला साहेबांचं काहीतरी हुंगवावं. कुणीतरी दोरीवरचा ह्यांचा बनियन आणला. कुत्र्याने तो हुंगला, डोळे मिटले आणि सरळ सोफ्याखाली शिरला. त्याचं काही चुकलं नाही. ह्यांचे बनियन आणि माझ्या बॉड्या जन्मभर एकाच बादलीत भिजतात. संसार म्हणजे दुसरं काय असतं?

सोफ्याखालून कुत्रा निघाला तो तोंडात बॉडी धरून. एक पट्टा डाव्या कानावर, हुक लोंबताहेत. सगळ्यांकडे एकदा तुच्छतेने बघितलं आणि दारातून जिन्याकडे सुसाट निघाला.

माझं भान सुटलं. फोटो टाकला सेक्रेटरींच्या हातात आणि गाउन सावरत धावले कुत्र्यामागे. "धरा त्याला! माझी बॉडी! माझी बॉडी घेऊन पळाला!"

या आवाजाने तळमजल्यापर्यंतची दारं उघडली. समजूत मजल्यामजल्याने खाली उतरत गेली. चौथ्यावर नुसताच "आँ?" झाला. तिसऱ्यावर एक बाई "अगंबाई, बॉडी म्हणजे ही होय!" म्हणून खाली बसली. दुसऱ्यावरून हसण्याचा जो लोट उठला तो वर जाऊन सेक्रेटरींवर आदळला. पहिल्यावरच्या आजोबांना काहीच कळलं नाही, त्यांनी कुत्र्याला रस्ता दिला. तळमजल्यावर मास्तरीणबाई "शिस्त!" एवढंच म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांची पाठ हलत होती.

मी फाटकापाशी पोचले आणि थबकले. सगळी इमारत अंगणात. भर उजेड. आणि माझ्या हातात उशी नाही, इस्त्री नाही, नवरा नाही. नुसता गाउन, आणि आत जे काही देवाने दिलेलं ते, धापा टाकत. मेले, म्हटलं. गेली पैज. आता जन्मभर आवळपट्टी. झोपेतसुद्धा.

मी एकेकाचे डोळे बघितले. सगळे कुत्र्याकडे बघत होते. हवालदार कुत्र्याकडे, रंगारी कुत्र्याकडे, सेक्रेटरी वरच्या गॅलरीतून माझ्या नवऱ्याचा फोटो हातात धरून कुत्र्याकडे. माझ्याकडे बघणारी एकच व्यक्ती होती. दुर्बीणबाई. त्यांनी मला वरपासून न्याहाळायला सुरुवात केली. केस, गळा, गाउनची बटणं... नजर खाली येतेय, येतेय. त्यांचा चेहरा बदलला. हात तोंडावर गेला.

"वहिनी! तुम्ही... तुम्ही घातलंच नाही?"

मी दोन्ही हात छातीशी बांधले.

"काय?" मी कशीबशी म्हटलं.

"पायात काही! काचा असतात हो इथे. थांबा, माझी चप्पल देते."

मी त्या बाईला मिठी मारली. तिला वाटलं, धक्का बसलाय मला.

तेवढ्यात फाटकातून आमचे हे आले. खांद्यावर गळ, हातात रिकामी बादली, मागे मित्र. अंगणात एवढी गर्दी बघून म्हणाले, "काय झालं? कोण गेलं?"

"तुम्ही!" सेक्रेटरी वरून किंचाळले. "तुम्ही गेला होतात!"

"गेलो होतो की. मासे लागले नाहीत, आलो परत."

कुत्र्याने ह्यांच्याकडे बघितलं, ऐटीत चालत गेला, ह्यांच्या पायाशी बॉडी ठेवली आणि शेपूट हलवत बसला. ज्याला शोधायला सांगितलं होतं त्याला त्याने शोधून काढलं होतं. त्या सगळ्या प्रकरणात आपलं काम नीट केलेला तो एकटाच. पुढे त्याला बढती मिळाली आणि हवालदार त्याला सलाम ठोकतो असं ऐकलंय.

ह्यांनी बॉडी उचलली, झटकली, घडी घालून बादलीत ठेवली. मित्राला म्हणाले, "चला, काहीतरी लागलं."

जाताना इन्स्पेक्टरबाईंनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता दम देणार. त्या हळूच म्हणाल्या, "आजी, कुणाला सांगू नका. ड्यूटीवरून घरी गेल्यावर मी टोपीच्या आधी हीच काढते." मग खांद्यावरचा पट्टा नीट केला आणि गाडीत बसल्या.

धाकटीला फोन करून सगळं सांगितलं. अख्खी इमारत, पोलीस आणि दुर्बीण, एवढे साक्षीदार, आणि लक्षात एकाच्याही आलं नाही! ती बराच वेळ कुरकुरली. "कुत्र्याच्यामुळे जिंकलीस," म्हणाली. पण शब्दाची पक्की. फोन बाजूला ठेवून गेली, परत आली, आणि पलीकडून एक असा मोठा सुस्कारा ऐकू आला की मला वाटलं, लाइन गेली. "ताई," ती म्हणाली, "भूकंप झाला तर झाला."

संध्याकाळी हे पेपर वाचत बसले होते. मी समोर मोकळी बसले होते, विजयी मुद्रेने. हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "अगं, ती पट्टी आता कपाटात ठेवू का?"

"कुठली पट्टी?"

"पाठीची. तू डॉक्टरकडून आलीस त्या संध्याकाळपासून मागितली नाहीस. तेव्हाच म्हटलं, काढून टाकलेली दिसतेय. बरं केलंस. माझा हात भरून यायचा."

म्हणजे पैज लागायच्या आधीच मी हरलेली होते! आता यावर माझं म्हणणं असं की ह्यांनी ते बघून ओळखलं नाही, न खाजवून ओळखलं, आणि न खाजवणं पैजेत धरत नाहीत. शिवाय नवरा हा 'लोकांत' मोडत नाही, घरात मोडतो. तरीसुद्धा हे मी धाकटीला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. आणि बोलायचंच झालं तर हळू बोला. धाकटीला एका कानाने ऐकू येत नाही, पण दुर्बीणबाईंना दोन्ही कान आहेत.